गांडुळांसाठी विणलेली टोपली

मुलांनो, आधी डोळे मिटा पाहू. नको नको, उघडा! मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच मनात एक खोली उभी करा. लांबट खोली. जमीन मातीची, चोपून चोपून घट्ट केलेली. एका भिंतीला खिडक्यांची रांग. कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि टाकीत वेटोळी करून भिजत पडलेला वेत, जणू आंघोळीला बसलेले लांबलचक साप. वर आढ्याला टांगलेल्या टोपल्या. भिंतीशी आरामखुर्च्यांचे सांगाडे, बसायची जागा अजून विणायची राहिलेले. वास घ्या. ओल्या लाकडाचा येतोय ना? आणि थोडा तपकिरीचा? म्हणजे आजोबा आत बसलेत.

आता खोलीच्या मधोमध एक तयार खुर्ची ठेवा आणि तिच्याखाली एक मुलगी ठेवा. वर नाही हं, खाली. तिला खालीच आवडायचं. "वरून सगळ्यांचंच काम छान दिसतं," ती म्हणायची, "खरं काय ते खालून कळतं."

घट्ट विणलेल्या वेतातून वाट काढायला एक टोकदार हत्यार लागतं. त्या घरात त्याला टोचणी म्हणत. आणि त्या मुलीलाही टोचणीच म्हणत, कारण ती दिवसभर माणसांना प्रश्न टोचत असे. तिचे बाबा बस चालवत, आई दवाखान्यात कामाला. त्यामुळे शाळा सुटली की टोचणी थेट या खोलीत, म्हणजे आजोबांच्या कारखान्यात. तिथे विणायला आजोबा आणि आजोबांना सांभाळायला आत्या. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं.

आजोबांच्या खुर्च्या म्हणजे खुर्च्या होत्या! खिळा नाही, डिंक नाही, नुसता वेत. बसलं की पाठ आपोआप मागे जाई, डोळे आपोआप जड होत आणि माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस जरा टेकला तो संध्याकाळी घोरताना सापडला. अडचण एकच होती. त्या खुर्च्या मोडत नसत.

"मोडत नाहीत ही अडचण?" आजोबा विचारत.

"मग काय तर!" आत्या म्हणे. "ज्याने घेतली तो दुसरी घ्यायला येतोय का? परवा दाताच्या डॉक्टरांना विचारलं, खुर्ची कशी आहे? म्हणे उत्तम. कुठे सैल झालीय? म्हणे छे! मुलं उड्या मारतात का वर? म्हणे मारतात की. शेवटी मी म्हटलं, मग त्यांना जरा जोरात मारायला सांगा ना!"

सगळ्या गावात आता आजोबांच्या खुर्च्या होऊन गेल्या होत्या. नवी मागायला कोणी येत नव्हतं. प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कारखान्याने आत्याला नोकरीला बोलावलं होतं. दूरच्या शहरात.

"काय करायचं असतं तिथे?" टोचणीने विचारलं.

"झाकणं मोजायची."

"नुसती झाकणं? बादल्या नाहीत?"

"बादल्या दुसरी बाई मोजते," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून वेत पुसायला लागली.

टोचणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आत्या गेली तर आजोबांना कोण सांभाळणार? आणि कारखान्याला कुलूप लागलं तर ती कुणाच्या खुर्चीखाली बसणार? त्यातून आत्या काम करताना गाणं म्हणायची, तेही बेसूर, आणि झाकणांना बेसूर गाणं ऐकवण्यात काय अर्थ होता?

अशात एक दिवस दारात मोठी गाडी थांबली. मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानाच्या बाई आल्या. ते दुकान घरात ठेवायच्या भारी भारी वस्तूंचं. तिथे म्हणे एका अख्ख्या टेबलावर एकच वाटी ठेवतात, वरून तिच्यावर दिवा सोडतात, जणू काही वाटीची मुलाखत चाललीय. बाईंनी आजोबांची खुर्ची कुणाच्या तरी घरी पाहिली होती. आत आल्या, टोपल्या उलटसुलट करून पाहिल्या, सांगाड्यांवर बोट फिरवलं, मग मधल्या खुर्चीत बसल्या आणि "अहाहा" म्हणाल्या. खुर्चीखालून टोचणीने आत्याकडे बघून डोळा मारला.

"काका, तुमच्या हातात जादू आहे," बाई म्हणाल्या.

आजोबांनी 'आहेच' अशा अर्थाने मान डोलावली. विनय हा गुण त्यांनी कधी वापरून पाहिला नव्हता.

"मला तुमच्या खूप खुर्च्या हव्यात. फक्त आमच्या दुकानाचा एक नियम आहे." बाईंनी खुर्चीचा हात प्रेमाने थोपटला. "तुमची वस्तू शेवटी मातीत गेली पाहिजे."

टाकीतलं पाणीसुद्धा ऐकायला थांबलं.

"काय म्हणालात?" आजोबा म्हणाले.

"मातीत गेली पाहिजे. सगळीच्या सगळी. लवकरात लवकर."

आजोबा उठून उभे राहिले. "बाई! माझ्या दारात येऊन, माझ्या खुर्चीत बसून, वर माझंच काम मातीत जावो म्हणता? मी काय घोडं मारलंय तुमचं? उठा! उठा आधी त्या खुर्चीतून!"

बाई गोंधळून उठल्या. पण ती खुर्ची अशी होती की उठलेलं माणूस पुन्हा खाली येई. बसल्या. "अहो काका, तसं नाही..."

"उठा म्हणतो ना!"

उठल्या. पुन्हा बसल्या. आत्या मध्ये पडली म्हणून बरं, नाहीतर हा खेळ दिवे लागेपर्यंत चालला असता.

"बाबा, मॅडम शिव्या देत नाहीत हो!" आत्याने त्यांचा दंड धरला. "त्या म्हणतायत, वस्तू जुनी होऊन टाकून दिली की तिची माती व्हायला हवी. कचरा राहायला नको."

"टाकून दिली की?" आजोबांचा आवाज आता रागाचा नव्हता, भीतीचा होता. "माझी खुर्ची टाकतात?"

बाईंनी जरा ओशाळून सांगितलं. त्यांच्या गिऱ्हाइकांना घराचा फार लवकर कंटाळा येतो. घर तेच ठेवतात, आतलं सगळं बदलतात. मग टाकलेल्या सामानाचे शहराबाहेर डोंगर झालेत. म्हणून त्यांनी नियमच केला, जे मातीत जाईल तेच विकायचं. "तुम्ही एक वस्तू परसात पुरून ठेवा. काही आठवड्यांनी मी येईन. कुजायला लागलेली दिसली की खुर्च्या माझ्या दुकानात." एवढं बोलून बाई चौथ्या प्रयत्नात खुर्चीतून उठल्या आणि गेल्या.

आत्या खुशीत होती. वेत तो वेत, कुजेलच. "बाबा, एखादी जुनीपानी टोपली पुरून टाका."

"जुनीपानी?" आजोबा म्हणाले. "माझ्या हातचं काम कोणीतरी खणून काढून बघणार, आणि मी जुनीपानी पुरू?"

"अहो, ती पुरायचीय!"

"म्हणून काय झालं? वर माणसं बघतात, खाली गांडुळं बघतील. गांडुळांनी नावं ठेवलेली मला खपायची नाहीत."

आणि आजोबा बसले टोपली विणायला. सगळ्यात पिकलेला, चिवट वेत निवडला. विण इतकी घट्ट घातली की मुंगीला आत जायचं तर आडवं व्हावं लागेल. काठ दुहेरी बांधला. वरून तेलाचे हात फिरवले, जमिनीत ओल असते ना! टोपली अशी देखणी झाली की पुरताना आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टोचणीने खड्डा खणला, आजोबांनी टोपली आत ठेवली, जरा मागे सरून पाहिली आणि पुन्हा वाकून थोडी उजवीकडे फिरवली. "नक्षी या बाजूने चांगली दिसते," म्हणाले.

काही आठवडे गेले. बाई उद्या येणार असा निरोप आला, तशी आत्या म्हणाली, आज आपणच उघडून बघू. टोचणीने माती उकरली. टोपली जशीच्या तशी! उलट तेल मुरून जरा जास्तच चकचकीत दिसत होती. आत किड्यांचं एक कुटुंब राहायला आलं होतं आणि तळाशी एक गांडूळ ऐसपैस पडलं होतं, अगदी मीटरवाल्यासारखं.

"बघितलंस?" आजोबा टाळी वाजवून ओरडले. "एक वेत हललाय? एक?"

मग त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि टाळीसाठी पुन्हा उचललेले हात हळूच खाली घेतले.

आत्याने आत जाऊन आपली पिशवी खाली काढली आणि झटकली. बस, एवढंच. पण पिशवी झटकतात ती भरण्यासाठीच, हे टोचणीला कळत होतं.

"थांब गं पोरी," आजोबा खाली मान घालून आत्याला म्हणाले. "मी आत्ताच्या आत्ता एक वाईट टोपली विणतो. दाखव त्या बाईंना, सांग ही बघा, आत्ताच सुटायला लागलीय."

"जमेल तुम्हाला?" आत्याने विचारलं.

"वाईट काम करायला काय अक्कल लागते?"

लागत होती. आजोबांनी डाव्या हाताने विणायला घेतलं. थोड्या वेळात डावा हात उजव्यासारखा चालायला लागला. मग डोळे मिटून विणलं. बोटं आपली पाठ केल्यासारखी धावतायत. "अरे चूक कर की!" ते स्वतःच्या अंगठ्यावर खेकसले. "एवढं वय झालं, एक चूक करता येत नाही?" शेवटी त्यांनी मुद्दाम दर वेळी एक काडी सोडून विणलं. तेवढ्यात खिडकीवरून पावाच्या दुकानाचे काका चालले होते. ते थबकले आणि म्हणाले, "वा! तिरकी नक्षी! ही नवीन काढलीत का?"

आजोबांनी टोपली मांडीवर उलटी केली, तळाशी बोटाने काहीतरी चाचपलं आणि ओढलं. सर्रर्र! टोपलीचा पुन्हा वेत झाला. त्यांच्या पायाशी नुसती भेंडोळी पडली.

टोचणी खुर्चीखालून बाहेरच आली. "हे काय केलंत?"

"उलगडली." आजोबा दमून म्हणाले. "यात खिळा नाही, डिंक नाही. एक वेत संपला की त्याचं टोक दुसऱ्याच्या पोटात. तुम्ही मुलं हात धरून साखळी करता ना, तसं. पहिलं टोक मी लपवून ठेवतो. ते सोडलं की सगळे एकमेकांचे हात सोडतात."

"खुर्चीतही असतं टोक?"

"सगळ्यात असतं."

"मग या वेताचं आता काय?"

"भिजवायचा, पुन्हा विणायचा. टोपलीची खुर्ची कर, खुर्चीची टोपली कर. एखादा तुकडा मोडलाच तर परसात फेकायचा. त्याची होते माती."

"मग पुरलेल्या टोपलीची का नाही झाली?"

"ती अजून टोपली आहे ना! सगळे हात धरून बसलेत. एकेकटा सुटला की बिचारा मातीत जातो."

"आजोबा, हे त्या दुकानाच्या मावशींना दाखवा ना!"

आजोबा असे दचकले की तपकीर सांडली. "गिऱ्हाइकासमोर? वेडी की काय तू? गिऱ्हाइकासमोर काम उलगडणं म्हणजे भर रस्त्यात पायजम्याची नाडी सोडणं! माझ्या वडिलांनी नाही केलं, मी नाही करणार, आणि या कारखान्यात कोणी करणार नाही. खबरदार!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. परसातली टोपली त्यांनी उचलली, पुसली, किड्यांच्या कुटुंबाला हळूच खाली उतरवलं. "किती सुंदर," त्या म्हणाल्या. आणि मग, "पण मातीत नाही हो गेली." त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. नियम त्यांनीच केलेला आणि गोची त्यांचीच झालेली.

"चहा तरी घ्या, मॅडम," आत्या म्हणाली. तिचा आवाज झाकण लावल्यासारखा बंद येत होता.

बाई मधल्या खुर्चीत बसल्या. खाली टोचणी होतीच. तिच्या नाकासमोर आजोबांची विण होती आणि विणीवर बाईंचं वजन. तिने मान वाकडी करून दोन्हीकडे पाहिलं. एकीकडे आजोबांचे पाय. टोक ओढलं तर ते पाय इथून जातील आणि आजोबा पुन्हा कधी बोलणार नाहीत, निदान रविवारपर्यंत तरी. दुसरीकडे दाराशी आत्याची पिशवी. ती भरलेली होती.

टोचणीने बोट विणीवरून फिरवायला सुरुवात केली. मागच्या दांडीपाशी, अगदी कोपऱ्यात, एका वेताखाली दुसऱ्या वेताचं इवलंसं नाक लागलं.

"बरं, निघते मी," बाई म्हणाल्या आणि उठल्या. टोचणीने ओढलं. सर्र! बाई परत बसल्या. "काय खुर्ची आहे! आज तर जास्तच मऊ वाटतेय."

"बिस्किट घ्या ना," आत्या म्हणाली. बाई बशीकडे वाकल्या. सर्र!

"खरंच निघायला हवं." उठल्या. सर्र, सर्र! बसल्या. आता बाईंचे गुडघे जरा वर आले होते आणि हनुवटी जरा खाली. आजोबांनी भुवया ताणल्या. त्यांनी तो आवाज ओळखला होता.

"टोचणे," ते हळूच म्हणाले. "टोचणे, नको."

"काका, तुमचा कारखाना खाली चाललाय का वर?" बाईंनी विचारलं. कारण त्यांना आता टेबल दिसायचं बंद होऊन टेबलाचे पाय दिसायला लागले होते. टोचणी एका बाजूने बाहेर सरकली, वेत हाताला गुंडाळला, डोळे घट्ट मिटले आणि सगळा जोर लावला.

सर्रर्रर्र! धप्प!

खुर्चीचा सांगाडा जागच्या जागी उभा होता. त्याच्या मधोमध खाली जमिनीवर बाई बसल्या होत्या, पाय वर, हातात कप. चहा मात्र एक थेंब सांडला नव्हता.

"माझी नाडी!" म्हणून आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग आजोबांनी बोटांच्या फटीतून पाहिलं. ती मातीची जमीन, तो रिकामा सांगाडा, ते वर आलेले पाय. त्यांच्या पोटातून एक गुरगुर निघाली.

"नियम तुमचा," ते कसेबसे म्हणाले, "पण बाई... खुर्ची राहिली वर... आणि तुम्हीच मातीत गेलात!"

एवढं झाल्यावर आत्याच्या तोंडातला बोळा उडाला. ती हसली ते अगदी तिच्या गाण्यासारखं, बेसूर आणि मोठ्याने. बाई आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग आपल्या पायांकडे. आणि सांगाड्यासकट गदगदा हसायला लागल्या.

टोचणीने सांगाड्यातून डोकं आत घातलं. तिला हसायला वेळ नव्हता. "मावशी, तुमच्या माणसांना कंटाळा आला की त्यांनी खुर्ची टाकायची नाही. इकडे पाठवायची. आम्ही उलगडू. त्याच वेताची टोपली करू. टोपलीचा कंटाळा आला की पडदा करू, पडद्याचा आला की पुन्हा खुर्ची. मोडका तुकडा तेवढा परसात टाकू, तो मातीत जातो, मी रोज बघते. टोपली नाही जात. ती हट्टी आहे. आजोबांवर गेलीय."

"कोण हट्टी?" आजोबा म्हणाले.

बाईंनी कप टोचणीच्या हातात दिला. बसल्या जागीच विचार केला, कारण उठता येत नव्हतंच. "पण बाळ, माझ्या गिऱ्हाइकांना कंटाळा फार लवकर येतो."

"येऊ दे की, मॅडम!" आत्या पुढे आली. "जितका कंटाळा, तितकं आम्हाला काम."

"आणि ते टोक त्यांनी घरीच शोधून काढलं तर?"

"शोधू देत," आजोबा ताठ झाले. "मी लपवलेलं टोक सापडायला माणसाने आधी खुर्चीखाली राहायला जायला हवं." असं म्हणून त्यांनी टोचणीकडे पाहिलं. रागावलेच होते. पण त्यांच्या मिशा मात्र ऐकत नव्हत्या.

शेवटी आजोबांनी एका हाताला आणि आत्याने दुसऱ्या हाताला धरून बाईंना वर ओढलं. त्यांनी पाठीमागची माती झटकली आणि दुकानाची पुढची सबंध खिडकी भरेल एवढ्या खुर्च्या सांगितल्या. "एकच अट," त्या म्हणाल्या. "आत माणूस असताना उलगडायची नाही."

आत्याने तिथल्या तिथे बादल्यांच्या कारखान्याला फोन लावला. "झाकणं तुम्हीच मोजा," एवढं सांगून ठेवून दिला. मग दाराशी जाऊन पिशवी उलटी धरून जोरात झटकून रिकामी केली.

"आणि ही?" बाईंनी रिकाम्या सांगाड्याला हात लावला. "ही मला माझ्या घरी हवी. आत्ता विणून द्याल? मी थांबते. उभी राहीन."

आजोबांचा हात सवयीने टाकीकडे गेला. मग थांबला. "जिने उलगडली तिने विणावी," ते म्हणाले. "बघू खालून काय काय पाहून ठेवलंय ते."

टोचणीने आजवर एकही खुर्ची विणली नव्हती. तिचे कान लाल झाले. तिने आजोबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग टाकीतला सगळ्यात लांब वेत ओढून काढला, ठिबकत्या वेतासकट सांगाड्याखाली शिरली, आणि पहिलं टोक लपवण्याआधी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आजोबांनासुद्धा.